आधी समकक्षता, मग टीसी

प्रति,
मा. कुलगुरू,
सदस्य, कुलगुरूंचे संयुक्त मंडळ, महाराष्ट्र राज्य

विषय : पैशांअभावी पदवीच्या मधल्या वर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांचा क्रम बदलण्याबाबत

महोदय, महोदया,

आम्ही महाविद्यालयांच्या कार्यालयांत प्रवेश, पात्रता आणि परीक्षा अर्जांची कामे करणारे कर्मचारी आहोत. सोबत अभ्यासमंडळांवर, म्हणजे विषयांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांवर, काम केलेले काही शिक्षकही आहेत. आमची मागणी एका ओळीत मावते. दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची किती क्रेडिट (उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक) धरली जाणार, याचा म्हणजे समकक्षतेचा लेखी निर्णय त्याने जुन्या महाविद्यालयातून टीसी (महाविद्यालय सोडल्याचा दाखला) काढण्याआधी त्याच्या हातात पडावा. आज तो टीसी काढल्यानंतर होतो, आणि पुष्कळदा नव्या ठिकाणी प्रवेश घेऊन दोन-तीन महिने उलटल्यावर होतो.

विद्यापीठ बदलणारे सगळे सारखे नसतात. चांगले महाविद्यालय हवे म्हणून बदलणाऱ्याला नाही जमले तर आहे तिथे राहता येते. पैशांमुळे बदलणाऱ्याला मागे वाट नसते. खासगी विद्यापीठाची किंवा विनाअनुदानित तुकडीची फी, खोलीचे भाडे आणि मेसचा ॲडव्हान्स हे गणित कोलमडले म्हणूनच तो घराजवळच्या अनुदानित महाविद्यालयात जागा शोधत असतो. तो नापास झालेला नसतो, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई नसते, अभ्यासात खोट नसते. पण त्याचे एक सत्र जरी वाया गेले तरी त्याने विद्यापीठ बदलून वाचवलेले पैसे त्यातच जातात. म्हणून इथे उशिरा दिलेला होकार आणि नकार यांत फारसा फरक उरत नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. नवे महाविद्यालय म्हणते, टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचे प्रमाणपत्र) आणा, मग तात्पुरता प्रवेश देतो. जुने महाविद्यालय म्हणते, टीसी दिली की तुमचा प्रवेश संपला, जागा गेली. मायग्रेशन देते विद्यापीठ, आणि त्याच्या अर्जाला टीसीची प्रत, शेवटचे गुणपत्रक आणि नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, लागतो. म्हणजे पहिली उडी विद्यार्थ्यानेच मारायची, खाली पाणी आहे की नाही हे न बघता. तात्पुरता प्रवेश मिळाला की नवे महाविद्यालय पात्रतेचा प्रस्ताव विद्यापीठाकडे पाठवते. पात्रता विभाग विषयांचा भाग अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांकडे समकक्षतेसाठी धाडतो. अध्यक्ष दुसऱ्याच महाविद्यालयात शिकवत असतात आणि बैठक जेव्हा ठरते तेव्हा होते. तोवर पाचवे सत्र निम्मे संपलेले असते. मग एक ओळीचे पत्र येते : अमुक क्रेडिट कमी पडतात, विद्यार्थ्यास द्वितीय वर्षास प्रवेश द्यावा.

त्या दिवशी त्या विद्यार्थ्याकडे काय असते? जुनी जागा गेलेली. नव्या ठिकाणी तृतीय वर्षाची फी भरलेली. द्वितीय वर्षाच्या प्रवेशाची तारीख केव्हाच उलटलेली. जुन्या शहरातली खोली सोडलेली. आणि परीक्षा अर्जाची खिडकी उघडली तरी याचा अर्ज भरला जात नाही, कारण पात्रता निघाल्याशिवाय नवा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) तयार होत नाही आणि पीआरएनशिवाय पोर्टल पुढे सरकत नाही. त्या खिडकीच्या अलीकडे आम्ही बसतो. वरून पत्र येईपर्यंत विद्यार्थ्याला सांगण्यासारखे आमच्याकडे काहीच नसते.

क्रेडिट नेमकी कुठे अडकतात, ते एका कागदावर मांडून पाहता येईल. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा आराखडा सत्राला साधारण २२ क्रेडिटचा आहे. म्हणजे दोन वर्षांत ८८ आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२. समजा एक विद्यार्थिनी चार सत्रे पूर्ण करून निघाली आहे आणि तिची ८८ क्रेडिट अशी विभागली आहेत : मुख्य विषय २८, मायनर म्हणजे दुय्यम विषय १०, मुख्य विषयाला जोडलेले व्यावसायिक कौशल्य ६. ही झाली ४४. उरलेली ४४ अशी : खुले ऐच्छिक विषय १२, कौशल्यवर्धन ६, भाषा म्हणजे क्षमतावर्धन ८, मूल्यशिक्षण ४, भारतीय ज्ञान प्रणाली २, क्षेत्र प्रकल्प २, सामुदायिक सहभाग २ आणि सहअभ्यासक्रमीय उपक्रम ८.

समकक्षता तपासणारा माणूस हा कागद घेऊन बसतो आणि शेजारी आपल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठेवतो. मुख्य विषयात फारशी अडचण येत नाही. सांख्यिकी, वित्तीय लेखांकन, सेंद्रिय रसायन यांचा गाभा सगळीकडे बराचसा सारखा असतो. गोची होते ती दोन-दोन क्रेडिटच्या विषयांत. इकडे भारतीय ज्ञान प्रणाली पहिल्या सत्रात आहे, तिकडे दुसऱ्या. इकडचा मूल्यशिक्षणाचा पेपर पर्यावरणाचा, तिकडचा संविधानाचा. इकडे खुल्या ऐच्छिकात घेतलेला विषय तिकडे कौशल्यवर्धनाच्या टोपलीत टाकलेला. नावे जुळत नाहीत, म्हणून शेरा पडतो, समकक्ष नाही. असे चार-पाच शेरे झाले की आठ-दहा क्रेडिट कमी दिसू लागतात आणि विद्यार्थिनी एक वर्ष मागे जाते. तेही अशा विषयांवरून, जे घडवताना आपण स्वतःच महाविद्यालयांना म्हणालो होतो की स्थानिक गरजेप्रमाणे विषय निवडा.

तासांचाही एक घोळ आहे. एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. त्यामुळे दोन क्रेडिटचा विषय एका ठिकाणी ३० तासांचा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी ६० तासांचा. दोन्ही बरोबर असतात. पण अभ्यासक्रमाच्या प्रतीवर फक्त तास लिहिलेले असले आणि ते कशाचे हे लिहिलेले नसले, तर तपासणारा ३० बघून म्हणतो की अर्धाच झालाय. ही चूक टाळायला काही मोठे लागत नाही. साक्षांकित अभ्यासक्रमाच्या प्रतीवर विषयाचा कोड, क्रेडिट आणि व्याख्यान-प्रात्यक्षिकाचे तास वेगवेगळे छापलेले असावेत, एवढेच पुरते.

आमचा प्रस्ताव असा, की राज्यातल्या राज्यात बदली असेल तर वरच्या दुसऱ्या ४४ क्रेडिटचे नावानिशी मोजमाप करूच नये. गट म्हणून ती जशीच्या तशी धरावीत. तपासायचा तो मुख्य विषय, त्याला जोडलेले कौशल्य आणि मायनर. तिथेही प्रश्न एकच विचारावा : पाचव्या सत्रात जे शिकवले जाणार आहे, त्याला लागणारा पाया या विद्यार्थ्याकडे आहे का? नसेल तर कोणता पेपर राहतो आणि तो कधी, कसा भरून काढायचा, हे लिहून द्यावे. अभ्यासमंडळावरच्या आमच्या सहकाऱ्यांचे मत आहे की एवढे काम जाणकार माणूस एका बैठकीत दहा-बारा प्रकरणांसाठी करू शकतो. सगळ्या नावांची जुळवाजुळव करत बसले तर एकालाच दुपार जाते.

मायनरचे दुखणे मात्र खरे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अर्थशास्त्र मायनर घेऊन १० क्रेडिट केलेली विद्यार्थिनी अशा महाविद्यालयात आली जिथे अर्थशास्त्र हे मायनर म्हणून उपलब्धच नाही, तर तिचे काय करायचे? नवा मायनर शून्यापासून सुरू करायला सांगणे म्हणजे तिची १० क्रेडिट कचऱ्यात टाकणे. इथे स्वयम् हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ उपयोगी पडते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या विनियमांप्रमाणे एका सत्रात एखाद्या अभ्यासक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून घेता येतात. नोंदणीला पैसे नाहीत, परीक्षेला शुल्क आहे. जानेवारी आणि जुलै अशी दोन आवर्तने असतात. मायनरचे उरलेले पेपर त्यातून पूर्ण करायला परवानगी द्यावी आणि तसे निर्णयपत्रातच लिहावे. नंतर विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणले की विभागप्रमुख म्हणतात, आधी का नाही विचारलेत?

आता एका अशा प्रश्नाकडे येतो ज्याचे उत्तर आम्हाला टेबलागणिक वेगळे मिळते. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट ऑनलाइन खात्यात साठवणाऱ्या व्यवस्थेचे, विनियम यूजीसीने जुलै २०२१ मध्ये काढले. त्यात पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवण्याची अट आहे. गणित करून पाहा. पहिल्या वर्षानंतर आलेला विद्यार्थी नव्या ठिकाणी १३२ पैकी ८८ क्रेडिट करतो, म्हणजे दोन तृतीयांश. काही प्रश्न नाही. तिसऱ्या सत्रानंतर आला तर ६६, बरोबर निम्मी. पण चौथ्या सत्रानंतर आला तर फक्त ४४, म्हणजे एक तृतीयांश. आणि पैशांची ओढाताण मुरायला दोन वर्षे लागतात. पहिले वर्ष घरचे कसेबसे काढतात, दुसऱ्या वर्षी कर्ज होते, तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर सगळे हातातून सुटते. म्हणजे ज्या टप्प्यावर बदलीची गरज लागते, नेमक्या त्याच टप्प्यावर ही अट आडवी येते. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६ क्रेडिट धरली तर दोन वर्षांनंतरही ८८ उरतात आणि अट पुरी होते. पण पैसे नाहीत म्हणून आलेल्याला आणखी एक वर्ष शिक असे सांगणे ही थट्टा झाली.

ही अट एकाच वेळी अनेक संस्थांतून क्रेडिट गोळा करणाऱ्यासाठी आहे की कायमची बदली करणाऱ्यालाही लागू आहे, यावर संयुक्त मंडळाने एकच भूमिका घ्यावी. गरज वाटल्यास यूजीसीकडून लेखी खुलासा मागवावा आणि तो सर्व पात्रता विभागांना कळवावा. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. निदान दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच आम्ही मुलांना सांगू शकू की निघायचे असेल तर आताच निघा, चौथे सत्र होऊ देऊ नका.

क्रेडिट बँकेच्या खात्याबद्दल थोडेसे. बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून निघतो, ते सोपे आहे. पण खात्यात क्रेडिट विद्यार्थ्याला भरता येत नाहीत, ती विद्यापीठानेच चढवायची असतात. आधारवर वडिलांचे नाव आधी आणि गुणपत्रकावर आडनाव आधी, एवढ्या कारणानेही नोंद जुळत नाही. मग विद्यार्थी नव्या ठिकाणी खाते उघडून दाखवतो तर दोन सत्रे दिसतात आणि दोन दिसत नाहीत. अशा वेळी छापील गुणपत्रक ग्राह्य धरावे आणि खाते नंतर जुळवून घ्यावे. क्रेडिट सात वर्षे चालतात, विद्यार्थ्याला सात महिनेही थांबणे परवडत नाही.

एटीकेटीचा पेपर असलेल्यांची, म्हणजे एखादा विषय राहूनही पुढच्या वर्षात गेलेल्यांची, आणखी वेगळी परवड. तिसऱ्या सत्रातला एक विषय राहिला असेल तर तो पेपर नवे विद्यापीठ घेऊ शकत नाही, कारण तो विषय त्यांचा नाही. जुने विद्यापीठ म्हणते की मायग्रेशन दिले, आता तुम्ही आमचे विद्यार्थी नाही. कायद्याच्या भाषेत दोघेही बरोबर, आणि मुलगा मधल्या मध्ये. यावर उपाय एका परिपत्रकाचा आहे : मायग्रेशन घेतलेल्या विद्यार्थ्याला राहिलेल्या विषयापुरते जुन्या विद्यापीठात पुढच्या दोन परीक्षांपर्यंत माजी विद्यार्थी म्हणून बसता यावे, आणि निकाल थेट नव्या विद्यापीठाला कळवावा. पुनर्मूल्यांकन चालू असलेल्यांनाही हेच लागू व्हावे. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत टीसी काढू नका, असे आम्ही सांगतो खरे, पण तो निकाल प्रवेशाच्या तारखेनंतर लागला तर आमचा सल्लाच त्याला बुडवतो.

आता पैशांकडे. पैशांमुळे बाहेर पडणाऱ्याला बाहेर पडतानाच सर्वांत जास्त पैसे मागितले जातात.

यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत शुल्क परताव्याचे टप्पे ठरलेले आहेत. प्रवेशाच्या अधिसूचित अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली तर पूर्ण शुल्क परत, वजावट फार तर ५ टक्के आणि तीही ५,००० रुपयांच्या आत. तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के. त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. नंतर काही नाही. अनामत रक्कम यात मोजायची नाही, ती पूर्ण परत करायची. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परतावा द्यायचा. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायची नाहीत. आणि विद्यार्थी ज्या सत्रात किंवा वर्षात शिकणार आहे, त्यापुढचे शुल्क आगाऊ घ्यायचे नाही.

हे टप्पे प्रथम वर्षाच्या मुलाला चटकन लावता येतात, कारण त्याच्या प्रवेशाची अंतिम तारीख जाहीर होते. तृतीय वर्षासाठी जूनमध्ये फी भरून जुलैत निघालेल्या मुलाला मात्र विचारले जाते, तुझी अंतिम तारीख कोणती? ती अनेक ठिकाणी कुठेच जाहीर केलेली नसते. मग परतावा टेबलावरच्या माणसाच्या मर्जीवर जातो. प्रत्येक विद्यापीठाने द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या प्रवेशाचीही अंतिम तारीख अधिसूचित करावी, म्हणजे हा वाद उरणार नाही.

याहून वाईट म्हणजे उरलेल्या वर्षांची फी भरल्याशिवाय कागद मिळणार नाहीत, असे तोंडी सांगणे. लेखी कोणी देत नाही, हेच पुरेसे बोलके आहे. यूजीसीच्या एप्रिल २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांत, विद्यार्थ्याला जो अभ्यासक्रम पुढे शिकायचा नाही त्याची फी वसूल करण्यासाठी कागदपत्रे अडकवणे ही तक्रारीची बाब म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्यावर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाल द्यायचा. बेरीज केली तर दोन महिन्यांच्या वर जाते. प्रवेशाची मुदत तेवढी थांबत नाही. म्हणून विद्यापीठाने अशा तक्रारी पुरत्या तरी कागद आधी सोडवावेत आणि वाद नंतर चालवावा.

नो ड्यूजवर शिष्यवृत्तीचा हप्ता थकबाकी म्हणून दाखवण्याची रीतही बंद व्हायला हवी. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा हप्ता शासनाकडून यायचा आहे, तो मुलाने बुडवलेला नाही. थकबाकीचा आकडा लिहून द्यावा, मुलाची सही घ्यावी आणि टीसी द्यावी.

महाडीबीटीवर आणखी एक अडथळा आहे. आधीच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्याचा पुढचा अर्ज नूतनीकरणाचा धरला जातो, आणि तो जुन्या महाविद्यालयाशी आणि जुन्या अभ्यासक्रमाशी बांधलेला असतो. अर्जाची पहिली तपासणी महाविद्यालयाच्या लॉगिनमधून होते. मुलगा नव्या ठिकाणी आणि त्याचा अर्ज जुन्या महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये, असे झाले की तिथला लिपिक म्हणतो हा विद्यार्थी आमचा नाही, आणि इथल्याला तो दिसतच नाही. पोर्टल आपल्या अखत्यारीत नाही हे आम्ही जाणतो. पण टीसी देताना जुन्या महाविद्यालयाने त्या विद्यार्थ्याचा प्रलंबित अर्ज तपासून मोकळा केला आहे, असा एक रकाना टीसीसोबतच्या पत्रात घालणे आपल्या हातात आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीवर ज्याचे वर्ष उभे आहे, त्याच्यासाठी हा रकाना फार मोठा आहे.

शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांना आम्ही नेहमी एकच सांगतो : आधी बँकेत जा. कर्ज अभ्यासक्रम आणि संस्था बघून मंजूर झालेले असते. संस्था बदलली की बँकेची लेखी संमती लागते, आणि पुढचा हप्ता त्यावाचून सुटत नाही. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत तर अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला, वैद्यकीय कारण वगळता, अनुदान मिळत नाही. आता विद्यापीठ बदलणे म्हणजे अभ्यासक्रम सोडणे नव्हे, पण बँकेच्या हातात फक्त जुन्या महाविद्यालयाचे ‘प्रवेश रद्द’ असे पत्र पडले तर ती काय समजेल? जुन्या महाविद्यालयाच्या पत्रात ‘अन्य विद्यापीठात बदलीसाठी’ हे तीन शब्द असले पाहिजेत. नमुना ठरवून दिला तर ते विसरले जाणार नाहीत.

एक सावधगिरीची सूचनाही करावीशी वाटते. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची जी सोय आहे, ती काही ठिकाणी बदलीचा पर्याय म्हणून सुचवली जाते. ‘सर्टिफिकेट घे, पैसे जमव, मग ये.’ त्यासाठी जादाची चार क्रेडिटची व्यावसायिक पूर्तता उन्हाळी सुट्टीत करावी लागते, तीन वर्षांत परतावे लागते आणि सगळे मिळून सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. ज्याला शिक्षण थांबवायचेच आहे त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे. ज्याला फक्त स्वस्त जागी जाऊन शिकत राहायचे आहे, त्याला या दारातून बाहेर काढू नये.

आपले परिपत्रक निघेपर्यंत आम्ही मुलांना जो क्रम सांगतो, तो इथे लिहितो. आपल्याला त्यात बदल सुचले तर हवेच आहेत. आधी त्याच विद्यापीठातले अनुदानित महाविद्यालय बघा. मायग्रेशन लागत नाही, अभ्यासक्रम बहुतांशी तोच राहतो, क्रेडिटचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. मात्र जुने महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम वेगळा असतो, तेव्हा हे गृहीत धरू नका. त्याच महाविद्यालयात अनुदानित तुकडीत जागा रिकामी झाली आहे का, हप्ते पाडून मिळतात का, कमवा आणि शिका योजनेत नाव लागते का, हेही विचारून घ्या. हे सगळे संपल्यावर विद्यापीठ बदलायचा विचार करा. तेव्हा चौथ्या सत्राची परीक्षा संपण्याआधीच अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा, कारण सुट्टीत सही करणारे भेटत नाहीत. सर्व गुणपत्रकांचे पाच संच करा. क्रेडिट खात्यातल्या नोंदी मार्चमध्येच तपासा. नव्या महाविद्यालयाकडून ‘जागा आहे आणि समकक्षतेच्या अधीन राहून प्रवेश देऊ’ असे पत्र मिळवा. तोंडी होकारावर टीसी काढू नका. आणि काहीच जुळले नाही तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांचा विचार करा. तिथे नोकरी करत शिकता येते. मागची क्रेडिट तिथेही अर्ज करूनच धरून घ्यावी लागतात, आपोआप येत नाहीत.

हा सगळा क्रम मुलाने स्वतः सांभाळायचा आणि चुकला तर वर्ष घालवायचे. यातले निम्मे ओझे आपण उचलू शकता.

त्यासाठी प्रत्येक विद्यापीठाने ३१ मेपर्यंत द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या रिकाम्या जागा महाविद्यालयनिहाय संकेतस्थळावर टाकाव्यात. आज या जागा फक्त आमच्या रजिस्टरला माहीत असतात. समकक्षतेसाठी सर्व विद्यापीठांचा एकच अर्ज असावा. त्याला चार कागद पुरेत : उपलब्ध सत्रांची गुणपत्रके, साक्षांकित अभ्यासक्रम, बोनाफाईड आणि क्रेडिट खात्याची प्रत. टीसी नाही, मायग्रेशन नाही. चौथ्या सत्राचा निकाल लागलेला नसला तरी अर्ज घ्यावा आणि निर्णय निकालाच्या अधीन ठेवावा. अर्ज आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा. अभ्यासमंडळाची बैठक होत नसेल तर अध्यक्ष आणि एक सदस्य मिळून तो देऊ शकतील, असा अधिकार विद्यापरिषदेने आधीच देऊन ठेवावा. निर्णयपत्रात तीन गोष्टी आकड्यांत असाव्यात : धरलेली क्रेडिट, भरून काढायची क्रेडिट आणि ती कोणत्या सत्रापर्यंत, आणि प्रवेश कोणत्या सत्रात. ते पत्र त्या शैक्षणिक वर्षाअखेरपर्यंत बंधनकारक असावे. पात्रता विभागाने नंतर फक्त मूळ कागद खरे आहेत का एवढेच तपासावे, क्रेडिट पुन्हा मोजू नयेत. आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबांकडून समकक्षता, पात्रता आणि मायग्रेशन यांचे शुल्क घेऊ नये. उत्पन्नाची मर्यादा नव्याने ठरवायची गरज नाही, राजर्षी शाहू योजनेची आठ लाखांची आहे तीच धरावी.

यातून आमचे काम वाढेल, हे उघड आहे. मे महिन्यात, प्रथम वर्षाच्या प्रवेशांची गडबड सुरू होत असताना, आणखी एक फाईल उघडावी लागेल. पण तीच फाईल आज आम्ही ऑक्टोबरमध्ये उघडतो. तेव्हा तिच्यात समकक्षतेच्या अर्जाबरोबर परीक्षा विभागाचा नकार, पालकांचा अर्ज, प्राचार्यांचे विनंतीपत्र आणि दंडाची पावती लागलेली असते. मेमधली फाईल पातळ असते.

परिपत्रक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निघाले तर येत्या जूनच्या प्रवेशांना ते लागू करता येईल. त्यानंतर निघाले तर एक वर्ष पुढे जाईल. अर्जाचा, निर्णयपत्राचा आणि बदलीच्या पत्राचा नमुना आम्ही तयार केला आहे. मागवल्यास तो मंडळाच्या सचिवांकडे आठवड्याच्या आत देऊ.

आपले,
प्रवेश, पात्रता आणि परीक्षा विभागांतील महाविद्यालयीन कर्मचारी
व अभ्यासमंडळांवर काम केलेले शिक्षक